वर्षाऋतूतील विजया : शोधन, शुष्कीकरण व बुरशी

जातीफलादि चूर्ण ज्या रुग्णास दिले जाते तो ग्रहणी किंवा अतिसाराने अगोदरच क्षीण झालेला असतो. या चूर्णात इतर सर्व द्रव्यांच्या एकत्रित मानाइतकी विजया आणि या सर्वांच्या मानाइतकी शर्करा असते. म्हणजे तयार औषधाचा चौथा हिस्सा विजयेचा. ती बुरशीयुक्त असेल तर दुर्बल अग्नीच्या रुग्णास आपण काय देत आहोत, याचा विचार दादरसारख्या सागरसन्निध ठिकाणच्या वैद्यांनी व औषधी निर्मात्यांनी अवश्य करावा.

उभ्या पिकावर करडी बुरशी (बोट्रायटिस) प्रथम धरते ती दाट फुलोऱ्यात, कारण तेथे ओल अडकून राहते. ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यातील गांजाची लागवड दमट कोकणात नव्हे, तर अहमदनगरसारख्या कोरड्या जिल्ह्यात होत असे. लागवड हा आज आपला विषय नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने फुलोरा प्रतिबंधित केला असून फुलोऱ्याविरहित पान त्या व्याख्येबाहेर ठेवले आहे. परवानाधारकाकडून माल घेताना त्यात शेंडे मिसळलेले आढळल्यास तो परत करावा. कायदा आणि बुरशी दोन्ही दृष्टींनी तेच योग्य.

खरा धोका पुढे आहे. शोधनासाठी आपण पाने पोटलीत बांधून, पाणी निर्मळ येईपर्यंत धुतो, वाळवितो व गोघृतात भर्जन करतो. कोरडे आलेले द्रव्य येथे आपणच भिजवितो. आषाढ-श्रावणात दादरच्या हवेतील सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत पोटमाळ्यावर पसरलेले पान दोन-तीन दिवस ओलसरच राहते आणि ॲस्परजिलससारख्या बुरशीस तेवढा अवधी पुरतो. पुढे भर्जनाने बुरशी मरते, वासही जातो, परंतु तिने निर्माण केलेले अफ्लाटॉक्सिन उष्णतेस बरेच दाद देत नाही. १९७४ मध्ये पंचमहाल व बांसवाडा भागात बुरशी आलेला मका खाऊन यकृतविकाराने शंभराहून अधिक माणसे दगावली, हे येथे स्मरणात ठेवावे.

म्हणून वर्षभराचे शोधन कार्तिक ते फाल्गुन या काळात उरकावे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. पावसाळ्यात ते टाळता येत नसेल तर ४० ते ४५ अंश सेल्सिअसच्या शुष्कपेटीत पातळ थर देऊन, लागोपाठची दोन वजने जुळेपर्यंत पान वाळवावे. साठा काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, भिंतीपासून दूर, फळीवर ठेवावा, गोणपाट नको. शर्करा ओल ओढून घेते, तेव्हा चूर्णात ती मिसळण्याचे काम कोरड्या दिवशी, थोड्या प्रमाणात करावे. चरकाने कल्पस्थानात औषधे झाकून शिंक्यावर टांगण्यास सांगताना जल आणि बाष्प यांपासून रक्षणाचा वेगळा उल्लेख केला आहे, तो सहेतुक आहे.

शंका आल्यास नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावा. आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा दशलक्ष भागांत ०.५ भाग, तर यीस्ट व बुरशीची दर ग्रॅमला १००० आहे. नापास साठा पुन्हा धुऊन, उन्हात घालून वापरात आणू नये. तसेच तो परस्पर फेकूनही देऊ नये. परवान्यावरील द्रव्य असल्याने त्याची साठा-नोंदवहीत नोंद करून उत्पादन शुल्क खात्यास कळवावे व मगच विल्हेवाट लावावी.