घटक ६ : क्रीडारसिकांची चर्चा – वस्तुस्थिती, अनुमान आणि मत

६.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला –
• बोलीतील चर्चेतून वस्तुस्थिती, ऐकीव माहिती, अनुमान आणि मत ही विधाने वेगळी करता येतील.
• 'म्हणे', 'असावा', 'हवे होते' यांसारख्या रूपांचे युक्तिवादातील कार्य सांगता येईल.
• प्रेक्षकसंख्या, तिकीट आणि खेळाडूची दुखापत या विषयांवर साधार लेखन करता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, युक्तिवाद म्हटला की न्यायालय किंवा विधिमंडळ आपल्या डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात सामान्य माणूस सर्वाधिक युक्तिवाद चहाच्या टपरीवर करतो, आणि तेथील एक आवडता विषय म्हणजे खेळ. नागपूर जिल्ह्यातील कन्हान हे कोळसा खाणींच्या परिसरातील गाव घ्या. विदर्भाच्या रणजी संघाने गेल्या काही वर्षांत या भागातील रसिकांना बोलण्यासारखे पुष्कळ दिले आहे. २०१७-१८ च्या हंगामात विदर्भाने इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीला हरवून पहिले विजेतेपद मिळवले. पुढच्याच हंगामात नागपूरजवळील जामठा येथे सौराष्ट्राला ७८ धावांनी नमवून ते राखले. २ मार्च २०२५ रोजी जामठा येथेच केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला. पहिल्या डावात विदर्भाच्या ३७९ धावांना केरळने ३४२ धावांनी उत्तर दिले होते. ३७ धावांच्या त्या आघाडीने विदर्भाला तिसरे विजेतेपद दिले.

बाद फेरीच्या अशा सामन्यांविषयी तीन प्रश्न हमखास निघतात : लोक किती आले, प्रवेशाला काय लागले आणि कोणता खेळाडू जायबंदी आहे. या तीन प्रश्नांच्या आधारे आपण प्रस्तुत घटकात विधानांचे प्रकार अभ्यासणार आहोत.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ चर्चेचा नमुना

पुढील संवाद अभ्यासासाठी रचलेला आहे. जामठ्याला रणजी स्पर्धेचा बाद फेरीचा एक सामना चालू आहे आणि कन्हानमधील तीन रसिक बोलत आहेत, अशी कल्पना करा. संवादाची भाषा नागपुरी बोली आहे.

काका : सामना आपल्या नागपुरात, अन् लोकं येऊनच नाही राहिले! तिकिटाले पैसा नाही, तरी खुर्च्या रिकाम्या. लोकायले फुकटाची किंमत नसते.
विद्यार्थी : काका, आपन तरी कुठं गेलो? जामठ्याले जाचं म्हनजे अख्खं नागपूर ओलांडाचं.
ताई : रोजी बुडते ना. तेच कारन असन.
काका : अन् त्या गोलंदाजाचा पाय दुखते म्हणे. पाय-गिय काही नाही, आयपीएलसाठी अंग राखून राहिला तो.
ताई : तुमाले कोनं सांगितलं?
काका : सगळेच म्हनून राहिले.
विद्यार्थी : काही असो, त्यानं खेळाले पायजे होतं. बाद फेरी रोज रोज येते काय?

या सात उक्तींत विधानांचे चारही प्रकार आढळतात. 'खुर्च्या रिकाम्या' ही वस्तुस्थिती आहे. मैदानात जाऊन किंवा छायाचित्र पाहून ती पडताळता येते. 'दुखते म्हणे' ही ऐकीव माहिती आहे. 'तेच कारन असन' हे अनुमान आहे; येथील 'असन' म्हणजे प्रमाण मराठीतील 'असेल'. 'खेळाले पायजे होतं' हे मत आहे.

मराठीचे एक वैशिष्ट्य येथे ध्यानात घ्या. विधानामागे किती आधार आहे, हे मराठी वक्ता क्रियापदाच्या रूपातून किंवा एखाद्या अव्ययातून सुचवत असतो. 'तो जायबंदी आहे' असे म्हणणारा संपूर्ण जबाबदारी स्वीकारतो. 'तो जायबंदी आहे म्हणे' असे म्हणणारा ती जबाबदारी मूळ सांगणाऱ्यावर ठेवतो. 'तो जायबंदी असावा' यात वक्त्याने काही खुणांवरून निष्कर्ष काढलेला असतो. 'त्याने विश्रांती घ्यायला हवी' यात वक्त्याची मूल्यदृष्टी प्रकट होते. काकांच्या उक्तीत 'म्हणे' नंतरचेच वाक्य 'अंग राखून राहिला तो' असे निश्चयार्थी आहे. ऐकीव माहितीवरून ते एका दमात खात्रीच्या आरोपापर्यंत पोहोचले आणि मधली पायरी गाळली गेली. युक्तिवादातील बहुतेक दोष अशा गाळलेल्या पायऱ्यांत असतात.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
पुढील विधानांचा प्रकार ओळखा.
(अ) दुसऱ्या दिवशी गर्दी वाढली म्हणे. (आ) विदर्भाला पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी मिळाली. (इ) अंतिम सामना शहरात व्हायला हवा होता.

६.२.२ प्रेक्षकसंख्या : दिसणे आणि असणे

'मैदान रिकामे होते' हे विधान साधे वाटते; पण त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. आलेल्या लोकांची संख्या ही एक गोष्ट आणि मैदानाची क्षमता ही दुसरी. जामठा येथील मैदानात सुमारे ४५ हजार प्रेक्षक बसू शकतात. तेथे पाच हजार लोक आले तरी नऊपैकी आठ खुर्च्या रिकाम्या दिसतील. तेच पाच हजार लोक एखाद्या तालुक्याच्या मैदानात जमले तर आपण 'तोबा गर्दी' म्हणू. म्हणून 'रिकामे' या शब्दासोबत 'कशाच्या तुलनेत?' हा प्रश्न विचारला पाहिजे.

दुसरा मुद्दा काळाचा. रणजी स्पर्धेच्या बाद फेरीचा सामना पाच दिवस चालतो. २०२५ चा अंतिम सामना २६ फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्या बुधवारी, सुरू झाला आणि रविवारी संपला. त्यात सुटीचे दिवस होते तसे कामाचेही होते. कोणत्याही एका दिवसाची, एका तासाची गर्दी पाहून 'नागपूरकरांना क्रिकेटचे प्रेम नाही' असा निष्कर्ष काढणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा करणे होय. भाताच्या बाबतीत ही परीक्षा चालते, कारण भांड्यातील सर्व शिते एकाच आचेवर शिजलेली असतात. पाच दिवसांची गर्दी तशी एकसारखी नसते.

गर्दी हे नेहमीच यशाचे लक्षण असते, असेही नाही. २६ नोव्हेंबर १९९५ रोजी नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागातील जुन्या मैदानावर भारत आणि न्यूझीलंड यांच्यात एकदिवसीय सामना होता. उपाहाराच्या वेळेत प्रेक्षागृहाची एक भिंत कोसळली आणि ९ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. न्यूझीलंडच्या नेथन ॲस्टलने त्या दिवशी शतक केले होते. पण नागपूरच्या स्मृतीत तो दिवस शतकासाठी राहिला नाही. प्रेक्षकसंख्येविषयी लिहिताना आकड्यामागे माणसे असतात, याचे भान ही घटना देते.

६.२.३ तिकीट : किंमत आणि खर्च

'लोकायले फुकटाची किंमत नसते' हे काकांचे विधान एक सर्वसाधारण नियम सांगते. असा नियम तपासण्याची सोपी रीत म्हणजे विरोधी उदाहरण शोधणे. रणजी सामन्यांना बहुतेक ठिकाणी प्रवेश विनामूल्य असतो. ३० जानेवारी २०२५ रोजी दिल्लीच्या अरुण जेटली मैदानावर दिल्ली आणि रेल्वे यांचा सामना सुरू झाला, तोही विनामूल्यच होता. विराट कोहली बारा वर्षांहून अधिक काळाने रणजी सामना खेळत होता. पहाटेपासून रांगा लागल्या आणि प्रवेशद्वारावर रेटारेटी झाली. दुसऱ्या दिवशी तो ६ धावांवर बाद झाला आणि प्रेक्षक मोठ्या संख्येने निघून गेले. स्पर्धा तीच, प्रवेश तसाच विनामूल्य, तरी गर्दी भिन्न. यावरून फुकटपणा हे रिकाम्या खुर्च्यांचे पुरेसे कारण नाही, एवढे सिद्ध होते.

मग ताईंचे अनुमान पाहू. तिकिटाची किंमत शून्य असली तरी सामना पाहण्याचा खर्च शून्य नसतो. कन्हान नागपूरच्या ईशान्येस आहे आणि जामठा दक्षिणेस, वर्धा मार्गावर. म्हणजे एका टोकाहून निघून शहर ओलांडायचे व दुसऱ्या टोकाला पोहोचायचे. रोजंदारीवर काम करणाऱ्यासाठी त्यात दिवसाची मजुरी मिळवावी लागते. 'किंमत' आणि 'खर्च' हे शब्द बोलताना आपण समानार्थी म्हणून वापरतो. युक्तिवादात मात्र ते वेगळे ठेवावे लागतात.

ताईंच्या अनुमानाचा आणखी एक गुण असा, की ते पुढे तपासता येईल. नागपूर मेट्रोच्या पहिल्या टप्प्यातील उत्तर-दक्षिण मार्गिका कामठी मार्गावरील ऑटोमोटिव्ह चौकापासून वर्धा मार्गावरील खापरीकडे जाते. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दुसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. त्यानुसार हीच मार्गिका उत्तरेस कन्हान नदीपर्यंत आणि दक्षिणेस बुटीबोरीच्या दिशेने वाढणार आहे. अंतर आणि बुडणारी रोजी हीच खरी अडचण असेल, तर प्रवास सुकर झाल्यावर कन्हानकडचे प्रेक्षक वाढले पाहिजेत. ते वाढले नाहीत, तर अनुमान बदलावे लागेल. चांगले अनुमान स्वतःच्या पराभवाची शक्यता मोकळी ठेवते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
'किंमत' आणि 'खर्च' यांतील भेद सामना पाहण्याच्या संदर्भात दोन वाक्यांत स्पष्ट करा.

६.२.४ दुखापत : दुसऱ्याच्या शरीराविषयी बोलताना

प्रेक्षकसंख्या आपण मोजू शकतो, प्रवासखर्चाचा हिशेब करू शकतो. वेदना मात्र बाहेरून दिसत नाही. वेगवान गोलंदाजाच्या कमरेच्या मणक्यात वारंवारच्या ताणाने बारीक चीर पडते. पोटरीचा किंवा मांडीचा स्नायू दुखावतो. रक्त नसते, सूजही अनेकदा नसते. म्हणून दुखापतीविषयीच्या विधानात 'म्हणे' आणि 'असावा' यांची गरज सर्वांत अधिक असते, आणि चर्चेत नेमकी तीच रूपे सर्वांत आधी गळतात.

उमेश यादवचे उदाहरण या परिसराला जवळचे आहे. वलनी येथील कोळसा खाणीतील कामगाराचा हा मुलगा विदर्भाकडून खेळून भारताच्या कसोटी संघात गेला. डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्न कसोटीत गोलंदाजी करताना त्याची पोटरी दुखावली आणि त्याला मैदान सोडावे लागले. मालिकेतील उरलेले सामने तो खेळू शकला नाही. सिडनीच्या पुढील कसोटीत त्याच्या जागी आलेल्या नवदीप सैनीने पदार्पण केले. वेगवान गोलंदाजाच्या एका दुखावलेल्या स्नायूवर त्याची पुढची निवड, उत्पन्न आणि संघातील स्थान अवलंबून असते. 'अंग राखतो' हे पाच अक्षरांचे विधान त्या सगळ्याला हात घालते. खाणीत पाठ धरलेल्या कामगाराला 'कामचोर' म्हटले तर त्याच्या घरच्यांना काय वाटेल, हे कन्हानच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

याच्या उलट टोकाला पराक्रमाची स्तुती असते. २०२३ मध्ये इंदूर येथे मध्य प्रदेशाविरुद्धच्या रणजी उपांत्यपूर्व सामन्यात आंध्रचा कर्णधार हनुमा विहारी याचे मनगट चेंडू लागून मोडले. तो उजव्या हाताने खेळणारा फलंदाज. पण पुन्हा मैदानात येऊन त्याने डावखुऱ्या पद्धतीने, मुख्यतः एका हाताने फलंदाजी केली. दुसऱ्या डावातही तो तसाच खेळला. आंध्रचा संघ अखेर हरला. ही घटना वस्तुस्थिती आहे. 'हे धैर्य होते' आणि 'हा अविचार होता' ही दोन मते आहेत. दोन्ही बाजूंनी सभ्यपणे बोलता येते. मात्र 'विहारी खेळला, म्हणून प्रत्येक जायबंदी खेळाडूने खेळलेच पाहिजे' हे विधान एका माणसाच्या निवडीचे रूपांतर सर्वांच्या कर्तव्यात करते. वाक्यातील 'च' किती भार उचलतो, ते पाहा.

नियमांचा विचारही याच दिशेने पुढे गेला आहे. डोक्याला मार लागून भोवळ आलेल्या खेळाडूच्या जागी पर्यायी खेळाडू देण्याची तरतूद आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये २०१९ साली आली. जुलै २०२५ मध्ये मँचेस्टर कसोटीत पायाला गंभीर दुखापत झालेला ऋषभ पंत लंगडत फलंदाजीस उतरला. त्यानंतर भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २०२५-२६ च्या हंगामासाठी देशांतर्गत बहुदिवसीय सामन्यांत गंभीर दुखापतीसाठीही पर्यायी खेळाडूची तरतूद केली. 'खेळायला हवे होते' या मताला संस्थेने दिलेले हे एक उत्तर मानता येईल.

६.३ सारांश

क्रीडारसिकांच्या चर्चेत वस्तुस्थिती, ऐकीव माहिती, अनुमान आणि मत एकमेकांत मिसळलेले असतात. मराठीत ते वेगळे दाखवण्याची साधने बोलीतही आहेत आणि प्रमाण भाषेतही. प्रेक्षकसंख्येविषयी बोलताना तुलनेचा आधार सांगावा. तिकिटाविषयी बोलताना किंमत आणि खर्च यांत भेद करावा. दुखापतीविषयी बोलताना, जे आपण पाहू शकत नाही त्याविषयी निश्चयार्थी रूप टाळावे. कारण तेथे चुकीच्या शब्दाची किंमत वक्ता मोजत नाही, खेळाडू मोजतो.

६.४ शब्दार्थ

उक्ती – बोललेले वाक्य.
निश्चयार्थी – खात्री व्यक्त करणारे.
विरोधी उदाहरण – सर्वसाधारण नियम खोटा ठरवणारे एखादे उदाहरण.
जायबंदी – शारीरिक इजा झालेला.

६.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ – (अ) ऐकीव माहिती. 'म्हणे' ही खूण. (आ) वस्तुस्थिती, धावफलकावरून पडताळता येते. (इ) मत, 'हवा होता' ही खूण.
प्रश्न २ – किंमत म्हणजे प्रवेशासाठी आयोजकांना द्यावी लागणारी रक्कम. खर्च म्हणजे किंमत, प्रवास, वेळ आणि बुडालेली मजुरी यांची बेरीज.

६.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ६.२.१ मधील संवाद प्रमाण मराठीत लिहा. प्रत्येक विधानामागील आधार क्रियापदाच्या रूपातून स्पष्ट होईल, याची काळजी घ्या.
२. 'दुखापत असताना खेळणे : धैर्य की अविचार?' या विषयावर दोन्ही बाजू मांडणारा ३०० शब्दांचा लेख लिहा.
३. काकांच्या शेवटच्या उक्तीतील 'सगळेच' या शब्दाचे युक्तिवादातील कार्य स्पष्ट करा.

६.७ उपक्रम

तुमच्या गावातील कबड्डी, क्रिकेट किंवा फुटबॉलच्या स्पर्धेला जा. प्रेक्षकांची दहा विधाने त्यांच्या बोलीत जशीच्या तशी टिपून घ्या, बोलणाऱ्याचे नाव लिहू नका. विधानांचे चार प्रकारांत वर्गीकरण करा आणि 'म्हणे' किती वेळा आले व किती वेळा यायला हवे होते, याची नोंद करून अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात चर्चेसाठी आणा.