पान्हा चोरणारी गाय आणि आपली पहिलटकरीण



दोन महिन्यांपूर्वी पाथर्डी तालुक्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले आणि एक ताई सुनेविषयी बोलल्या, "तिला दूधच नाही. पाचव्या दिवशीच बाटली लावावी लागली." सून तिथंच मान खाली घालून बसलेली. निघताना ती हळूच म्हणाली, "मॅडम, बाळ रडायला लागलं की माझ्याच छातीत धडधड होतं. सगळ्या माझ्याकडंच बघत राहतात."

पुढच्या बैठकीत मी एकच प्रश्न विचारला. गायीची धार काढायला अनोळखी माणूस बसला तर काय होतं? सगळ्या एकदम म्हणाल्या, "पान्हा चोरती की!" आणि वासरू पुढं आणलं की? "पान्हा सोडती."

बाईचं शरीरही असंच चालतं. दूध तयार करणारं संप्रेरक वेगळं, त्याचं नाव प्रोलॅक्टिन. बाळ जितकं ओढेल तितकं ते वाढतं, रात्री तर जास्तच. तयार झालेलं दूध खाली उतरवणारं दुसरं, ऑक्सिटोसिन. यालाच आपण पान्हा फुटणं म्हणतो. भीती, लाज, दुखणं, टोमणे यांनी हा पान्हा अडतो. दूध आतमध्ये असतं, पण बाळाला मिळत नाही. बाळ रडतं, घरचे म्हणतात "दूध नाही", आई आणखी घाबरते. मग बाटली येते, बाळ कमी ओढतं आणि दूध खरंच कमी होत जातं.

इथं सजगता कामाला येते. सजगता म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे, त्याला बरं-वाईट न म्हणता, लक्ष देणं. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली दवाखान्यातल्या रुग्णांसाठी याचा अभ्यासक्रम सुरू केला. पण त्याचं मूळ बुद्धाच्या ध्यानात आहे, आणि शेजारच्या इगतपुरीत विपश्यनेला गेलेल्या ताई आपल्याही गटांत आहेत. तेव्हा हे परदेशी फॅड समजू नका.

सातवा महिना लागला की सुरुवात करावी. दिवसातून एकदा, पाच मिनिटं, भिंतीला टेकून बसायचं. एक हात पोटावर. श्वास आत येतो, बाहेर जातो, एवढंच बघायचं. मन पळणारच: "दूध येईल का? सासू काय म्हणेल?" त्या विचाराला मनात नाव द्यायचं, "ही भीती आली." आणि परत श्वासाकडे यायचं. भीती हाकलायची नाही. बाळंतपणानंतर हीच सवय पाजताना वापरायची. बाळाला जवळ घ्यायच्या आधी तीन सावकाश श्वास, खांदे सैल, मग बाळाच्या अंगाची ऊब, त्याच्या केसांचा वास, गिळण्याचा आवाज यांकडे लक्ष.

माझं लग्न झालेलं नाही, म्हणून "तुला काय कळतंय" हे मला रोज ऐकावं लागतं. पण हे आपल्या जिल्ह्यात नवं नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली काम सुरू केलं. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केलं. त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या, कितीतरी दलित वस्तीतल्या. त्या बायकांचा स्वतःवर विश्वास बसवणं हाही त्या शिक्षणाचा भाग होता. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातली बाई गावातल्या बाळंतिणीजवळ बसते, तेव्हा ती पटकन ऐकते.

चिकाचंही सांगते. गाय व्याली की खरवस आपण आवडीनं खातो, आणि आईचा पिवळा चीक मात्र अजून काही घरांत पिळून टाकतात! पहिल्या तासात बाळाला अंगावर घ्या. मध, गूळपाणी, घुटी काही नको. सहा महिने फक्त आईचं दूध. पहिले दोन-तीन दिवस चीक थोडाच येतो, पण बाळाचं पोटही तेवढंच असतं. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवस-रात्रीत सहा किंवा जास्त वेळा लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय.

मात्र श्वास बघून सगळं सुटत नाही. बाळाची पकड चुकत असेल, भेगा पडल्या असतील, गाठ किंवा ताप असेल तर आशाताईला, एएनएमला दाखवा. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आणि पुढंही घरी येतातच. दोन आठवड्यांच्या पुढं रडू थांबत नसेल, बाळ नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांकडे न्या. 14416 या टेलिमानस नंबरवर फुकट बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करावीशी वाटली तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी न्या. आणि "तू शांत बस" असं म्हणून तिच्याच डोक्यावर हंडा ठेवला, तर कसली सजगता? पाणी, भाकरी, मोठं लेकरू, हे कुणीतरी उचलायलाच हवं.

त्या सुनेकडे परवा गेले. बाळाचं वजन आशाताईनं केलं, वाढलंय. दिवसा ती अंगावरच पाजते, रात्रीची एक बाटली अजून आहे. ती पाजत असली की सासूबाई ओट्यावर जाऊन बसतात आणि आलेल्या बायकांना तिथंच थांबवतात.

तुमच्या गटात कुणाला सातवा महिना लागला असेल, तर तिचं नाव सीआरपीताईकडे द्या. पुढच्या ग्रामसंघ बैठकीनंतर आपण अर्धा तास एकत्र बसू. तिच्या सासूलाही घेऊन या.