गृध्रसी आणि जानुसंधीजवळील वातनाडी

गृध्रसीत जानुसंधीच्या वर किंवा खाली चार अंगुलांवर सिरावेध करावा, असे सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात सांगितले आहे. तेथे सिरेइतकाच वातनाडीचाही विचार व्हावा, असे आम्हांस वाटते.

सायॅटिक ही शरीरातील सर्वांत जाड नाडी. कटीच्या चौथ्या व पाचव्या आणि त्रिकाच्या पहिल्या तीन नाडीमूलांपासून ती बनते, पिरिफॉर्मिस मांसपेशीखालून नितंबात उतरते आणि बहुधा जानुपृष्ठाच्या किंचित वर तिची दोन कांडे होतात, टिबियल व कॉमन पेरोनियल. (संहितेतील कंडरा म्हणजे हीच नाडी, हे समीकरण आम्हांस घाईचे वाटते.) टिबियल कांड खोल, मांसाने झाकलेले. पेरोनियल मात्र बाहेरच्या बाजूस फिब्युलाच्या मानेला वळसा घालते. तेथे त्यावर त्वचेखेरीज फारसे आवरण नाही. बोटाखाली ते अस्थीवर सरकते. गुडघ्याखाली चार अंगुले बाहेरून मोजू लागल्यास हाच भाग वाटेत येतो. या जागी अग्निकर्म, वेधन वा आवळून बांधलेला पट्टा कटाक्षाने टाळावा. इजा झाल्यास पाऊल वर उचलत नाही.

पाचव्या कटिमूलावर दाब असतानाही पाऊल असेच लोंबते. पाऊल खाली झुकवून आत वळवण्याचे बल टिकले असेल तर दोष सामान्यतः पेरोनियल नाडीत, तेही उणे असेल तर मूलात शोधावा. कर्मापूर्वी रुग्णास टाचांवर चालवून नोंद ठेवावी आणि कर्मानंतर पुन्हा चालवून पाहावे.