बालासोरचा रेल्वे अपघात आणि जबाबदारीचा धडा



हुमनाबाद किंवा बीदरला आपण गाडीत बसतो तेव्हा चालक कोण, सिग्नल कोणी दिला हे कधी विचारत नाही. विश्वासाने बसतो. हा विश्वास कशावर टिकतो आणि कुठे तुटतो, ते या पाठात पाहू.

२ जून २०२३ च्या संध्याकाळी ओडिशातील बालासोर जिल्ह्यात, बहानगा बाजार स्थानकाजवळ कोरोमंडल एक्स्प्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल मिळाला. मात्र सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारा जोड, लूप लाइनकडे वळलेला होता. गाडी तिथे उभ्या असलेल्या मालगाडीवर आदळली. तिचे डबे घसरून शेजारून जाणाऱ्या बेंगळुरू-हावडा एक्स्प्रेसच्या शेवटच्या डब्यांवर पडले. २९० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले, हजाराहून अधिक जखमी झाले.

चालकाने सिग्नल पाळला होता. मग चूक कुठे झाली? सांधा व सिग्नल हे इंटरलॉकिंग नावाच्या व्यवस्थेने एकमेकांशी बांधलेले असतात. सांधा योग्य बाजूला बसल्याची खबर आल्यावरच सिग्नल हिरवा होतो. चौकशीत आढळले की, सिग्नलच्या सर्किटमध्ये पूर्वी केलेल्या बदलात आणि फाटक क्रमांक ९४ चे बॅरियर बदलण्याच्या कामात त्रुटी राहिल्या होत्या. वायरची जोडणी चुकली, त्यामुळे यंत्रणेलाच खोटी खबर गेली.

याहून गंभीर गोष्ट अशी की, सूचना आधीच मिळाली होती. १६ मे २०२२ रोजी त्याच खडगपूर विभागातील एका स्थानकात चुकीच्या वायरिंगमुळे असाच प्रकार घडला होता. ८ फेब्रुवारी २०२३ रोजी आपल्या कर्नाटकात होसदुर्ग रोड स्थानकावर संपर्क क्रांती एक्स्प्रेसला सिग्नल एका मार्गाचा मिळाला आणि सांधा दुसरीकडे होता. चालकाने वेळीच गाडी थांबवली. दुसऱ्याच दिवशी दक्षिण पश्चिम रेल्वेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने लेखी इशारा दिला. चार महिन्यांच्या आत बालासोर घडले.

काही विद्यार्थी म्हणतील, ‘कवच’ बसवले की झाले. या यंत्रणेच्या सुरुवातीच्या चाचण्या आपल्याच भागात, विकाराबाद-वाडी व विकाराबाद-बीदर मार्गांवर झाल्या, याचा आपल्याला अभिमान आहे. चालकाने लाल सिग्नल ओलांडला तर कवच ब्रेक लावते. पण सिग्नलच खोटा हिरवा झाला, तर कवच तरी काय करणार? शेवटी वायर जोडणारा आणि ती तपासणारा माणूसच असतो.

या अपघातानंतर तीन रेल्वे कर्मचाऱ्यांना अटक झाली. दोष ठरवणे न्यायालयाचे काम आहे. परंतु जबाबदारी खालच्या माणसापाशी संपत नाही. १९५६ मध्ये तमिळनाडूतील अरियालूर येथील अपघातानंतर रेल्वेमंत्री लाल बहादूर शास्त्री यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. त्यांनी सिग्नल हलवला नव्हता, रूळही बसवला नव्हता. तरी खाते आपले, म्हणून उत्तरही आपले, असे त्यांनी मानले.

आम्हाला वाटते, या धड्याचे सार तीन गोष्टींत आहे. काम करणाऱ्याने घाईत पायरी गाळू नये. तपासणाऱ्याने न पाहता सही करू नये. आणि इशारा आला, तर वरच्याने तो फाइलमध्ये ठेवून देऊ नये. शाळेच्या गाडीचे ब्रेक, प्रयोगशाळेतील वायर, पाण्याची टाकी यांनाही हाच नियम लागू आहे. म्हणून विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे की, शिपायाने किंवा विद्यार्थ्याने धोका दाखवला तर त्याची नोंद व्हावी आणि त्याला उत्तर मिळावे.

स्वाध्याय : १) हिरवा सिग्नल असूनही अपघात कसा झाला? २) कवच हा अपघात का टाळू शकले नसते? ३) आपल्या घरात वा शाळेत दिसणारा एक धोका लिहा आणि तो कोणाला सांगाल तेही लिहा.