रशियातील पुरुषांचे आयुर्मान : एक आकडा कसा वाचावा?

सरासरी आयुर्मानाचा आकडा परीक्षेपुरता पाठ करणे सोपे असते. तो वाचावयास मात्र शिकावे लागते. पुरुषांचे सरासरी आयुर्मान ५७ वर्षे म्हणजे तेथे पुरुष सत्तावन्नाव्या वर्षी मरतात, असे नव्हे. बालमृत्यू फार असले तरीही सरासरी खाली ओढली जाते. म्हणून अभ्यासक दुसरेही एक माप घेतात. चालू वर्षाचे मृत्युदर कायम राहिले, तर पंधरा वर्षांच्या हजार मुलांपैकी साठीपूर्वी किती जण मरतील? हा झाला प्रौढ मृत्युदर. त्याचे महत्त्व मला पटले ते रशियाच्या उदाहरणावरून.

१९६५ च्या सुमारास रशियन पुरुषाचे सरासरी आयुर्मान ६४ वर्षांच्या आसपास होते. पश्चिम युरोपात यानंतर ते वाढत गेले. रशियात १९८० पर्यंत ते ६१.५ वर आले. शांततेच्या काळात, दवाखाने व डॉक्टर यांची वाण नसलेल्या औद्योगिक देशात हे घडत होते. सत्तरीच्या दशकाच्या मध्यापासून सोव्हिएत सरकारने असले आकडे छापणेच थांबविले, यावरून काय ते समजावे.

मे १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी दारूविरोधी मोहीम काढली. दुपारी दोनपूर्वी दारूविक्री बंद झाली, दुकाने घटली, द्राक्षांचे मळेही तोडले गेले. लोकांनी घरोघर हातभट्ट्या लावल्या आणि बाजारातून साखर नाहीशी झाली! तरीही १९८७ मध्ये पुरुषांचे आयुर्मान ६५ च्या जवळ पोहोचले. परंतु सरकारचे उत्पन्न बुडाले, लोक चिडले, मोहीम गुंडाळली गेली. सोव्हिएत संघ फुटला. १९९२ मध्ये किमतींवरील नियंत्रणे उठली, व्होडकावरील सरकारी मक्तेदारी गेली, आणि इतर वस्तूंच्या मानाने व्होडका स्वस्त झाली. १९९४ मध्ये आयुर्मान ५७.५ च्या आसपास होते. स्त्रियांचे ७१! पुरुषांचे निवृत्तीवेतनाचे वय तेव्हा ६० होते.

इतक्या मोठ्या घसरणीचे कारण केवळ दारिद्र्य मानावे काय? तसे असते तर पहिला घाव तान्ह्या मुलांवर व वृद्धांवर पडावयास हवा होता. पडला तो कमावत्या वयाच्या पुरुषांवर. हजारांमागचा तो प्रौढ मृत्युदर चारशेच्या वर गेला. स्वीडनमध्ये तो शंभराच्या आसपास होता. मृत्यूची कारणेही बोलकी आहेत : हृदयविकार, विषबाधा, अपघात, आत्महत्या, खून. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या इझेव्हस्क शहराच्या पाहणीत २५ ते ५४ वयाच्या पुरुषांच्या मृत्यूंपैकी सुमारे ४३ टक्के मृत्यूंशी घातक मद्यपानाचा संबंध दिसला. त्यात कोलोनसारखी, पिण्यासाठी नसलेली अल्कोहोलयुक्त द्रव्ये पिणारेही होते.

काही अभ्यासक म्हणतात की मोहिमेने वाचविलेली माणसेच पुढे मेली, म्हणून १९९२ नंतरचा आकडा इतका फुगला. दुसरे बेकारीवर व खासगीकरणाच्या धक्क्यावर बोट ठेवतात. मला वाटते, बेकारीचे दुःख खरेच; पण ते बुडवावयास हाताशी काय होते, हे विसरून चालणार नाही. मात्र सारा दोष बाटलीवर टाकणेही बरोबर नाही. तंबाखू आणि रक्तदाबाकडे झालेले दुर्लक्ष हे जुने दुखणे होते.

२००६ पासून मद्यार्काच्या उत्पादनावर कडक देखरेख आली, २०१० मध्ये व्होडकाची किमान किंमत ठरली, रात्रीची विक्री बंद झाली. २०१९ मध्ये पुरुषांचे आयुर्मान ६८ च्या पुढे गेले. पुढे कोरोनाच्या साथीत, २०२१ साली, ते पुन्हा ६५.५ वर आले.

त्याआधी २०१८ मध्ये पुरुषांचे निवृत्तीचे वय टप्प्याटप्प्याने ६५ करण्याचा कायदा झाला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. ‘निवृत्त होऊन दोन वर्षे तरी जगू का?’ हा त्यांचा हिशेब जन्मापासूनच्या सरासरीचा होता. साठी गाठलेला रशियन पुरुष त्यापुढे सरासरीने पंधराहून अधिक वर्षे जगत होता. पण वर्गणी भरूनही साठी न गाठणारे त्या पंधरा वर्षांत कोठेच मोजले जात नाहीत.