हरवलेल्या माणसाविषयी काय बोलावे

वाचावयाचे भाग : २ राजे २:१-१८, उत्पत्ति ३७:१२-३५, ईयोब २:११-१३ व २२:१-११, मार्क ३:२०-२१

एलीया संदेष्टा वावटळीतून वर घेतला गेला, ही कथा आपल्या मुलांनाही पाठ आहे. परंतु तिच्या शेवटी जी चार वचने आहेत त्यांकडे वाचणाऱ्याचे लक्ष क्वचितच जाते. यरीहो येथील संदेष्ट्यांच्या शिष्यांनी अलीशास विनंती केली की, आमच्यात पन्नास बळकट पुरुष आहेत, त्यांस तुझ्या धन्याच्या शोधास जाऊ दे. न जाणो, देवाच्या आत्म्याने त्यास एखाद्या डोंगरावर किंवा खोऱ्यात टाकले असेल. अलीशाने नको म्हटले. त्यांनी इतका आग्रह केला की शेवटी त्यास संकोच वाटून त्याने होकार दिला. ते गेले, तीन दिवस शोध केला, आणि हात हलवीत परत आले.

ह्या पन्नास जणांस अल्पविश्वासी म्हणून दोष देण्याची उपदेशकांत चाल आहे. आम्हांस मात्र ते आवडतात. त्यांचा तर्क चुकला होता, हे खरे. परंतु तो तर्क त्यांनी पायांनी पारखला, जिभेने वाढविला नाही. एलीया मागे एकदा रतामाच्या झुडुपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा आताही त्याच्या मनाचा तोल गेला असेल, असे त्यांच्यापैकी कोणी म्हटल्याचे शास्त्रात नाही. त्याचे व अलीशाचे काही बिनसले होते काय, नदीपलीकडे दोघेच गेले आणि एकच कसा परतला, असेही कोणी विचारले नाही. आणि विचारावयाचे असते तर जागा होती. त्यांनी डोंगर पाहिले, खोरी पाहिली, सापडला नाही असे येऊन सांगितले, आणि तेथेच ते प्रकरण संपले.

आता आपल्याच देशातील, आपल्यास जवळची अशी एक गोष्ट घेऊ. साधु सुंदरसिंगांचे नाव ज्या मंडळीत माहीत नाही अशी मंडळी थोडी. पंजाबातील रामपूर गावी १८८९ साली शीख घराण्यात त्यांचा जन्म झाला, १९०५ साली शिमल्यास बाप्तिस्मा झाला, आणि पुढे भगवी वस्त्रे धारण करून अनवाणी पायांनी ते सुवार्ता सांगत फिरले. तिबेटाची त्यांस विशेष ओढ होती. १९२७ साली ते त्या वाटेस लागले असता रक्तस्राव होऊन त्यांस परतावे लागले. हृदय दुर्बळ झाले होते, डोळेही अधू झाले होते. तरी १९२९ च्या एप्रिल महिन्याच्या १८ तारखेच्या सुमारास शिमल्याच्या बाजूच्या सबाथू येथील आपले घर सोडून ते पुन्हा तिबेटाकडे निघाले. वय अवघे ३९. जाण्यापूर्वी स्नेह्यांस पत्रे लिहिली. रिडल नावाच्या मिशनरी मित्रास, आपल्याकडून काही कळले नाही तर सबाथूस येऊन माझ्या सामानाची व्यवस्था पाहावी, असेही कळविले. त्यानंतर त्यांचे पत्र नाही, निरोप नाही, देह नाही.

रिडलसाहेबांनी काय केले हे लक्षात घ्यावे. ते एका डॉक्टर मिशनऱ्यास बरोबर घेऊन डोंगरांतून तिबेटच्या सरहद्दीकडे गेले, वाटेत विचारपूस केली, आणि काहीच माग न लागल्याने परत आले. परत येऊन माग लागला नाही असेच सांगितले. यरीहोच्या पन्नास जणांचे हे भाऊबंदच म्हणावयाचे. पुढे १९३३ साली सरकारने, मृत्युपत्राच्या कामापुरते का होईना, साधुजी मृत झाले असे धरले. जे ठाऊक आहे ते एवढेच.

परंतु मनुष्याच्या मनास "एवढेच" सोसत नाही. कोणी म्हणाले, ते कड्यावरून पडले. कोणी म्हणाले, यात्रेच्या वाटेवर रोगाने गाठले. कोणी त्यांस तिबेटात हुतात्मा केले. आणि पुष्कळ भाविक जन कित्येक वर्षे असे सांगत राहिले की, ते हिमालयाच्या गुहेत जिवंत असून जगासाठी प्रार्थना करीत आहेत. ह्यांतील पहिल्या दोन गोष्टी संभवनीय आहेत. तिसरी घडलीच नाही असे कोणी शपथेवर म्हणू शकणार नाही. चौथीविषयी आम्ही जरा स्पष्ट बोलतो. भक्तीने रचलेली गोष्टसुद्धा रचलेलीच असते. वाईट तर्क करणाऱ्याने कोणाचे नाव मलिन केले तर आपण त्यास खडसावतो. मग चांगला तर्क करणाऱ्याने खोट्या आशेवर कोणास वर्षानुवर्षे झुलवत ठेवले, तर त्यास मात्र भाविक म्हणून का सोडावे? कैलासावरील अतिवृद्ध महर्षीची जी हकीकत खुद्द साधुजींनी सांगितली, ती दुसऱ्या कोणाच्या साक्षीने सिद्ध झाली नाही. हे मोकळेपणाने कबूल केल्याने त्यांच्या सेवेचे मोल उणे होत नाही.

त्यांच्या मनाविषयी तर ते नाहीसे होण्याच्या आधीपासूनच वाद माजला होता. युरोपात कित्येकांनी त्यांच्या हकीकती खऱ्या की खोट्या ह्याविषयी लेख व ग्रंथ लिहिले. झुरिच येथील पाळक व मनोविश्लेषक ऑस्कर फिस्टर ह्यांनी १९२६ साली एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध करून, साधुजींचे दृष्टान्त व कथा ह्यांचा उगम त्यांच्या मनाच्या गाठींत शोधला. मारबुर्गचे प्राध्यापक हायलर ह्यांनी उलट पक्ष घेतला. दोघेही विद्वान होते. विद्येस आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु हजारो कोसांवरील मनुष्याच्या आईविषयीच्या प्रेमापासून ते त्याच्या स्वप्नांपर्यंत सर्व काही कागदावरून ओळखता येते, असे मानणे हे धाडसच होय. आणि १९२९ नंतर तर उत्तर देणाराच उरला नाही.

घरच्या संबंधांचेही तसेच. सुंदरसिंगांस ख्रिस्ताचा स्वीकार केल्यामुळे पित्याने घराबाहेर काढले होते. त्या दिवसांत कोणी बसून लिहिले असते की, ह्या बापलेकांत कायमचे वैर आहे, तर ऐकणाऱ्यांनी मान डोलाविली असती. पुढे तोच पिता ख्रिस्ताकडे वळला आणि मुलाच्या विलायतेच्या प्रवासास त्याने पैसा दिला. एका दिवशीच्या भांडणावरून सबंध आयुष्याचा हिशेब करणारे किती फसतात, ह्याला ह्याहून दुसरे उदाहरण नको.

आता योसेफाची कथा उघडावी. भावांनी त्यास विकले, झगा बकऱ्याच्या रक्तात बुडविला, आणि बापाकडे पाठविला. ते काय म्हणाले हे नीट वाचा. योसेफ मेला, असे ते म्हणालेच नाहीत. हा झगा आम्हांस सापडला, तो तुमच्या मुलाचा आहे की नाही हे पाहा, एवढेच त्यांनी विचारले. श्वापदाची गोष्ट याकोबानेच स्वतः पुरी केली. अफवा पसरविणारे हे तंत्र आजही पक्के जाणतात. पाणवठ्यावर कोणी म्हणते, "आम्ही काही म्हणत नाही बाई, पण परवा रात्री त्यांच्या घरातून आवाज येत होता खरा." झगा पुढे टाकला, बाकीचे ऐकणारीने शिवावे. योसेफ विकला गेला तेव्हा सतरा वर्षांचा होता, फारोपुढे उभा राहिला तेव्हा तीस. त्यापुढे सुकाळाची सात वर्षे व दुष्काळाची दोन. म्हणजे सुमारे बावीस वर्षे त्या म्हाताऱ्याने एका न विचारलेल्या प्रश्नापायी जिवंत मुलाचा शोक केला.

ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. ते सात दिवस त्यांच्या साऱ्या भाषणांहून श्रेष्ठ होते, असे पूर्वीपासून पुष्कळांनी म्हटले आहे. तोंड उघडल्यावर मात्र अलीफज कोठवर गेला पाहा. बाविसाव्या अध्यायात तो ईयोबाच्या तोंडावर सांगतो की, तू विधवांस रिकाम्या हातांनी लावून दिलेस, तहानेल्यास पाणी दिले नाहीस. ह्याचा पुरावा? काहीच नाही. दुःख मोठे, म्हणून पाप मोठे असलेच पाहिजे. पाप असले पाहिजे, म्हणून त्याने ते जोडून दिले. आणि आपल्या प्रभूविषयीही त्याच्या आप्तांनी, त्यास वेड लागले आहे, असे म्हणून त्यास धरावयास निघावे, हे मार्काने लपविलेले नाही.

एक प्रसंग आम्ही जवळून पाहिला आहे. गाव व माणसे ह्यांची नावे सांगत नाही. एका मंडळीतील तरुण कुटुंबवत्सल मनुष्य एके सकाळी घरी नव्हता. आदल्या संध्याकाळी नवराबायकोची बोलाचाली झाली होती, ती शेजाऱ्यांनी ऐकली होती. दुपारपर्यंत पारावर ठरून गेले की त्याने विहीर जवळ केली. दोन दिवस गळ टाकून विहिरी धुंडाळल्या. तिसऱ्या दिवशी, त्याचे डोके पूर्वीपासूनच फिरलेले होते, असे निघाले; चौथ्या दिवशी, बायकोचे पाऊल वाकडे होते, असे. मंडळीतलीही माणसे ह्या बोलण्यात होती, आणि कबूल करावयास लाज वाटते, पण आम्हीही उगेच ऐकत बसलो होतो. त्या बाईस कोणी काही विचारलेच नाही. विचारले असते तर तिने सांगितले असते, आणि पुढे सांगितलेही, की तो घोंगडी व भाकरी घेऊन गेला होता. ऊसतोडीच्या मुकादमाकडे पैसे अडकले होते. त्यावरूनच बोलाचाली झाली होती. जीव द्यावयास जाणारा मनुष्य भाकरी बांधून नेत नाही, हे समजावयास मनोविश्लेषक लागत नाही. पंधराव्या दिवशी तो दुसऱ्या जिल्ह्यातील एका सरकारी दवाखान्यात, तापाने फणफणलेला, पण जिवंत सापडला. तो बरा होऊन घरी आला. बायको मात्र त्यानंतर उपासनेस येऊन अगदी दाराशी बसू लागली, आणि आशीर्वाद होण्याच्या आधीच उठून जाऊ लागली. ज्यांनी बोलावयाचे ते बोलले होते, त्यांच्यापैकी एकही तिच्या उंबऱ्याशी गेला नाही.

म्हणून उपदेशक बंधूंस आमचे सांगणे आहे. कोणी नाहीसे झाले असे कळताच प्रथम त्या घरी जावे, पारावर नव्हे. घरच्यांस विचारावे : शेवटी कोणी पाहिले, किती वाजता, अंगावर काय होते, बरोबर काय नेले, कोणाकडे जाणे होते, औषध चालू होते काय. फोटो घ्यावा. मोबाइल असल्यास त्याचा नंबर लिहून घ्यावा. मग पोलीस पाटलास कळवून, घरच्या एकास बरोबर घेऊन ठाण्यात जावे. चोवीस तास थांबावे लागते ही समजूत चुकीची आहे; तसा नियम नाही. नाहीसे झालेले मूल असेल तर तक्रारीवरून गुन्हा नोंदवावा असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले आहे. मुलांसाठी १०९८ आणि कोणत्याही संकटात ११२ ह्या क्रमांकांवर फोन करता येतो. वडीलधारी माणसे म्हणतील, घराण्याची अब्रू जाईल, दोन दिवस वाट पाहू. त्यांस नम्रपणे पण ठामपणे सांगावे की, वाट पाहण्यात अब्रू राहत नाही आणि माग मात्र पुसला जातो.

येथे कोणी विचारील, मग मनाच्या दुखण्याविषयी मुळीच बोलू नये काय? तसे नव्हे. जो हरवला त्यास खरोखर मानसिक आजार असेल, किंवा त्याने मरणाची भाषा केली असेल, किंवा घरात मारहाण होत असेल, तर ज्यास हे प्रत्यक्ष ठाऊक आहे त्याने ते त्याच दिवशी शोध करणाऱ्यांस सांगितलेच पाहिजे. न सांगणे हाही अपराध होय. परंतु ते योग्य कानी सांगावे, आणि "मी पाहिले" व "मी ऐकले" ह्यांत भेद ठेवून सांगावे. पोलिसांपुढे जे सांगावयास आपण कचरतो ते पाणवठ्यावर सांगू नये.

आणखी एक गोष्ट, जी लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. प्रार्थनासभेत कधीकधी विनंती येते ती अशी : अमक्या भगिनीसाठी प्रार्थना करा, तिच्या घरी फार कलह आहे, म्हणूनच मुलगा निघून गेला. ही विनंती नव्हे. ही देवाच्या नावाने पाठविलेली अफवा आहे. उपदेशकाने तेथेच थांबवून म्हणावे, आपण त्या मुलासाठी व त्याच्या आईसाठी प्रार्थना करू, आणि लगेच प्रार्थनेस आरंभ करावा. कारण देवास ठाऊक आहे. त्यास सांगावे लागत नाही.

जो परत आला त्याच्या बाबतीतही काही दिवस जपावे लागते. कोठे होतास, का गेलास, असे प्रत्येकाने विचारू नये. एकाने, ज्याच्यावर त्याचा विश्वास असेल त्याने, विचारावे. आणि तो सांगेल तेवढेच ऐकावे. जो परत आला नाही त्याच्या घरी मात्र वर्षे लोटली तरी जात राहावे. कायद्यात सात वर्षे बातमी नसता मनुष्य मृत असावा असे धरण्याची तरतूद आहे. आईच्या मनात तशी तरतूद नसते.

रविवारच्या वर्गात हा धडा घेताना उत्पत्तीचा सदतिसावा अध्याय कोणा मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावा. वाचून झाल्यावर वर्गास विचारावे : झगा घेऊन आलेल्या मुलांस याकोबाने कोणते प्रश्न विचारावयास पाहिजे होते? तो कोठे सापडला, कोणास सापडला, जवळ आणखी काय पडले होते, तुमच्यापैकी शेवटी त्याच्याशी कोण बोलले. मुले ह्याहून अधिक प्रश्न काढतील. तीं फळ्यावर लिहून घ्यावीत.