९९ टक्के, पण कुठल्या शेतातले?

चि. मुक्ता,


डेटा सायन्स आणि एआयच्या कोणत्या कार्यशाळेला नाव नोंदवू, असं तू विचारलंस. मोहालीच्या नॉलेज सिटीत तुमची आयसर ही विज्ञानसंस्था, शेजारी नॅबी ही कृषी-जैवतंत्रज्ञानाची आणि दुसरी नॅनो विज्ञानाची संस्था, तिकडे चंदीगडला पंजाब विद्यापीठ. व्याख्यानांची वानवा नसणारच. माझं मत सरळ सांगते. कुठेही जा, पण वक्त्याने पडद्यावर अचूकतेचा आकडा दाखवला की तो वहीत उतरवण्याआधी एवढं विचार: हे मॉडेल कशावर तपासलं, आणि तो डेटा कोणी, कुठे, कसा गोळा केला? ज्या कार्यशाळेत या प्रश्नाला वेळ नसेल तिच्यासाठी शनिवार-रविवार घालवू नकोस.

तुमच्याकडे गव्हाची शेतं हाकेच्या अंतरावर आहेत, म्हणून पिकांवरच्या रोगांचंच उदाहरण घेते. २०१६ साली मोहंती, ह्यूजेस आणि सालाथे यांनी प्लांटव्हिलेज या संग्रहातले ५४,३०६ फोटो घेऊन डीप लर्निंगचं मॉडेल तयार केलं. १४ पिकं, २६ रोग. त्याच संग्रहातून तपासणीसाठी बाजूला ठेवलेल्या फोटोंवर अचूकता आली ९९.३५ टक्के. भाषणात दाखवायला झकास आकडा! पण त्याच शोधनिबंधात दुसराही आकडा छापलेला आहे. वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर तेच मॉडेल ३१ टक्क्यांच्या जरासं वर अडकलं. संग्रहातली पानं खुडून, कागदावर ठेवून टिपलेली होती. शेतात पान तसं कधी दिसत नाही. पुढे २०२२ मध्ये एका संशोधकाने याच संग्रहावर गंमतच केली. पान बघायचंच नाही, फोटोच्या पार्श्वभूमीतले फक्त ८ पिक्सेल मॉडेलला द्यायचे. तरीही ४९ टक्के उत्तरं बरोबर आली. पीक आणि त्यावरचा रोग (किंवा निरोगी पान) अशा ३८ प्रकारांत नुसता अंदाज ठोकला असता तर २.६ टक्केच आली असती. म्हणजे रोगाची खूण पानावर शोधावी, तर ती मागच्या कागदात आणि उजेडातही दडलेली होती. पेपर फुटलेल्या परीक्षेतल्या गुणांना जेवढी किंमत, तेवढीच अशा ९९ टक्क्यांना. मूळ लेखकांना मी दोष देत नाही, त्यांनी दोन्ही आकडे प्रामाणिकपणे मांडले. त्यातला एकच उचलून मिरवणाऱ्यांपासून सांभाळून राहा.

डेटा प्रचंड असला की असल्या चुका आपोआप बुडून जातात, असंही तुला ऐकवलं जाईल. काही चुका बुडतात, हे खरं. एकाने जास्त मोजलं, दुसऱ्याने कमी मोजलं, सरासरीत फिटंफाट. पण सगळेच एका बाजूला चुकत असतील तर? १९४०च्या दशकात आपल्याकडे पीककापणीच्या प्रयोगांवरून नेमका हाच वाद झाला. शेतात लहानसा तुकडा आखायचा, त्यातलं पीक कापून, झोडून वजन करायचं आणि त्यावरून जिल्ह्याच्या उत्पादनाचा अंदाज बांधायचा, अशी ती पद्धत. संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस यांचा कल लहान वर्तुळांकडे होता. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे तेव्हा कृषी संशोधन परिषदेत होते. त्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार लहान घेतला की उत्पादन फुगलेलं दिसतं. कारण अगदी साधं. कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो, आणि लहान वर्तुळाला क्षेत्राच्या मानाने कडच फार. अशी दहा हजार वर्तुळं कापली तरी फुगवटा तेवढाच राहणार. वर त्या चुकीच्या आकड्यावरचा आपला भरवसा मात्र वाढणार. (सुखात्म्यांचे त्या काळचे लेख मिळव. गणित तुला झेपेल, आणि भाषा आजच्या शोधनिबंधांपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे.)

आता तुझी खरी अडचण. नोकरी देणारे प्रमाणपत्रं बघतात, आणि नवशिक्या मुलीने असले प्रश्न विचारले तर आगाऊपणा दिसेल, असं तुला वाटत असेल. पहिल्या कार्यशाळेचा उपयोग आहेच. पायथॉनची भीती जाते, चार ओळखी होतात. पण दुसऱ्या-तिसऱ्या ठिकाणीही बहुधा तोच आयरिस फुलांचा तक्ता समोर येतो, १५० फुलं, ३ जाती, आणि दहा ओळींच्या कोडमध्ये काम फत्ते. संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९३६ मध्ये छापलेला हा तक्ता एडगर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या मोजमापांवर उभा आहे. त्यातल्या दोन जातींची फुलं कॅनडातल्या गास्पे भागातल्या एकाच कुरणातली, एकाच दिवशी खुडलेली, एकाच माणसाने त्याच उपकरणाने मोजलेली. तिसरी जात मात्र दुसरीकडची. हे कार्यशाळेत सहसा कोणी सांगत नाही, आणि तुलना कुठे चोख आहे, कुठे जपून करायची, हे तर यावरूनच ठरतं. मुलाखतीला बसलेल्या जाणकार माणसाला प्रमाणपत्रांच्या चळतीपेक्षा एवढं सांगू शकणारी मुलगी जास्त पटेल. आगाऊपणाचं म्हणशील, तर तो सुरात असतो. ‘सर, हे फोटो कुठल्या हंगामातले?’ असं विचारलंस तर कोणी रागावणार नाही, आणि रागावलाच तर त्या कार्यशाळेबद्दल जे कळायचं ते कळलंच.

म्हणून यंदा दोनच कार्यशाळा निवड आणि उरलेला वेळ डेटा गोळा करण्यात घाल. गव्हावरचा पिवळा तांबेरा पंजाबात आधी दिसतो तो रोपडकडच्या डोंगरपायथ्याच्या पट्ट्यात, डिसेंबर-जानेवारीत. तिकडे पाहणीला जाणाऱ्या कोणा शास्त्रज्ञांबरोबर जायला मिळतंय का, ते तुमच्या सरांना विचार. मोबाईलनेच पन्नासेक फोटो काढ. धुक्यातले, दुपारच्या उन्हातले, चिखल उडालेल्या पानांचे, निरोगी पानांचेही. प्रत्येकापुढे शेत, तारीख आणि वेळ लिही, आणि रोग ओळखण्याचं काम त्या शास्त्रज्ञांवर सोपव, स्वतः ठरवू नकोस. मग कार्यशाळेत शिकलेल्या पद्धतीने केलेलं मॉडेल त्या फोटोंवर चालव. आकडा कितीही आला तरी फोटोंसकट मला पाठव, परीक्षा आटोपल्यावर सवडीने.

तुझी
मावशी